कार्टच्या टायरचं बफिंग मशीन: मोटर शेवटी घ्या, आधी चाक कसं बसतं ते ठरवा

प्रश्न इचलकरंजीच्या एका वडिलांचा आहे. मुलगा चौदा वर्षांचा, कार्ट (शर्यतीची बुटकी छोटी गाडी) चालवतो, सरावासाठी वापरलेले स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर घेतात. त्यांच्यावर ट्रॅकचं रबर गोळा होऊन चिकटलेलं असतं, काही एका खांद्याला जास्त झिजलेले असतात. हीटगन आणि पट्टी घेऊन खरवडता खरवडता हात भरून येतात. घरी वेल्डिंग सेट, ड्रिल आणि अँगल ग्राइंडर आहे, लेथ नाही. अर्ध्या एचपीची मोटर आणूनही ठेवली आहे. त्यांना टायर फिरवून घासायचं, म्हणजे बफिंगचं मशीन बनवायचं आहे, आणि चार-पाच सेट असल्यामुळे चाक झटपट बदलता आलं पाहिजे. विचारतात, "बॅलन्सिंगच्या दुकानात असतो तसा कोन (शंकूसारखा निमुळता ठोकळा) आणि एकच मोठा नट लावला तर चालेल का?"

मागच्या चाकांना बहुधा चालणार नाही. का, ते सांगायला मला माझ्या पहिल्या मशीनची फजिती सांगावी लागेल.

सुरुवातीला मीही मोटरीपासूनच सुरुवात केली. 1440 आरपीएमची मोटर, व्ही-बेल्ट, एका पेडेस्टल बेअरिंगवर शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला कोन. चाक कोनावर ढकलायचं, नट आवळायचा, ग्राइंडर टेकवायचा. दहा मिनिटांत टायर असा गुळगुळीत झाला की शेजारच्या गाळ्यातले लोक बघायला आले. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर पोरगा दोन फेऱ्या मारून परत आला आणि म्हणाला, "काका, स्टिअरिंग सोडा, सीट पण हलतीय." चाक कार्टवरच ठेवून डायल (काट्याचं मापक) लावली, तर टायर गोलाईत 0.6 मि.मी. आऊट. मशीनवर परत चढवला, तर डायलचा काटा जवळजवळ जागचा हलेना. टायर मशीनवर गोल होता, कार्टवर अंडाकार.

कारण साधं होतं, पण डोक्यात शिरायला मला दोन रात्री लागल्या. मशीनवर चाक कोनानं मधल्या भोकाला धरून बसत होतं. कार्टवर तेच चाक हबच्या तीन स्टडवर बसत होतं, मधलं भोक तिथे नुसतं सैल होतं. त्या रिममध्ये मधल्या भोकाचं केंद्र आणि तीन स्टडच्या भोकांचं केंद्र एक नव्हतंच. मी टायर चुकीच्या अक्षाभोवती अगदी तंतोतंत गोल केला होता.

म्हणून पहिला नियम असा: कार्टवर चाक ज्याला धरून बसतं, मशीनवरही त्यालाच धरून बसवा. मोटर किती एचपीची, ग्राइंडर की बेल्ट, हे सगळं त्यानंतर.

तुमच्या चाकाचं काय ते पाच मिनिटांत कळतं. कार्ट स्टँडवर घ्या, मागच्या चाकाचे नट पूर्ण काढा, चाक हबवर तसंच ठेवून दोन्ही हातांनी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. मधे हबच्या गोल खांद्यावर घट्ट बसलं असेल आणि स्टडभोवती मोकळीक असेल, तर चाक मधल्या भोकानं केंद्रात येतं. मधे खुळखुळतंय आणि स्टडला टेकून थांबतंय, तर स्टडवर येतं. नटाची बैठक निमुळती असेल, तर नटच त्याला केंद्रात ओढतो. तुमचे चार सेट वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिमचे असतील तर प्रत्येकाचं वेगळं तपासा. हा कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया.

पुढच्या चाकांची तऱ्हा निराळी. बऱ्याच कार्टमध्ये बेअरिंग रिममध्येच असतात आणि चाक 17 किंवा 25 मि.मी.च्या स्टब अॅक्सलवर बसतं. असं चाक मशीनच्या शाफ्टवर चढवलं तर शाफ्ट फिरेल आणि चाक उभं राहील, कारण मधे बेअरिंग आहे. तिथे त्याच मापाचं मँड्रेल, म्हणजे चाक चढवायचा दांडा करायचा, बेअरिंगची आतली रिंग त्यावर आवळायची आणि शाफ्टच्या टोकाला लावलेल्या प्लेटमधून एक पिन बाहेर काढून ती रिमच्या आऱ्याला किंवा भोकाला ढकलत ठेवायची. पिनेवर रबरी नळीचा तुकडा चढवा, नाहीतर अॅल्युमिनियमची रिम ओरबाडते.

आता झटपट बदलण्याचा मुद्दा. टॉगल क्लँप, बायोनेटसारखी फिरवून अडकणारी प्लेट, विंगनट असं बरंच काही करून पाहिलं. शेवटी जे टिकलं ते माझं नाहीच. उद्यमनगरात जिग-फिक्स्चर करणारा कुठलाही जुना टर्नर ते डोळे मिटून सांगेल: सी-वॉशर, म्हणजे एका बाजूनं खाच कापलेला, इंग्रजी सी अक्षरासारखा वॉशर. प्लेटच्या मधोमध एम-16 चा स्टड, त्यावर नट कायमचा चढवलेला. चाक नटावरून सरळ आत सरकतं, कारण नटाचं कोपरा-ते-कोपरा माप, 24 चा पाना लागतो तो नट म्हणजे साधारण 28 मि.मी., रिमच्या मधल्या भोकापेक्षा लहान असतं. मग चाक आणि नट यांच्या मधे बाजूनं सी-वॉशर सरकवायचा आणि नट आवळायचा. काढताना नट एक फेरा ढिला, वॉशर बाजूला ओढला, चाक हातात. नट कधीच पूर्ण काढायचा नाही, त्यामुळे तो हरवतही नाही. टी-पाना हाताशी असेल तर एक चाक उतरवून दुसरं चढवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

सी-वॉशर 10-12 मि.मी. जाड घ्या, ईएन-8 पोलादाचा. खाचेची रुंदी स्टडपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. बाहेरचा व्यास इतका की रिमच्या भोकाच्या कडेवर चहूबाजूंनी निदान 6-7 मि.मी. बसला पाहिजे. नटाच्या बाजूला 1 मि.मी. खोल गोल बैठक करून घ्या, म्हणजे नट आवळला की वॉशर बाजूला निसटू शकत नाही. एम-16 ची पिच 2 मि.मी. असते, त्यामुळे एका फेऱ्यात वॉशर बैठकीतून मोकळा होतो. तुमच्या रिमचं भोक लहान असेल तर एम-12 वर या, त्याचा 19 च्या पान्याचा नट कोपऱ्यावर साधारण 22 मि.मी. भरतो. आणि वॉशरला एक साखळी लावून फ्रेमला अडकवा. हे सुचायच्या आधी माझे दोन वॉशर चुऱ्याच्या ढिगात गेले.

नट नुसता दाबून धरायला आहे. केंद्रात आणायचं काम त्याचं नाही आणि फिरवायचं कामही त्याचं नाही. चाक मधल्या भोकानं बसणारं असेल तर प्लेटवर त्या मापाचा गोल खांदा टर्न करून घ्या, फिट असा की चाक हातानं ढकललं की बसावं पण डुगडुगू नये. तेव्हा तीन पिना फक्त चाक ओढायला, त्या मुद्दाम सैल ठेवा. स्टडवर बसणारं चाक असेल तर उलट: दोन पिना भोकात नीट बसतील अशा आणि तिसरी सैल. तिन्ही पिना घट्ट केल्या की रिमच्या भोकांतला थोडासा फरकही भांडायला लागतो. एका बाजूनं चाक बसतं आणि दुसऱ्या बाजूनं हातोडी मागतं. पिनांची टोकं निमुळती करा, भोक शोधत बसावं लागत नाही.

युरोपियन हबमध्ये तीन स्टड 58 मि.मी.च्या वर्तुळावर असतात, अमेरिकन मापात 2 5/8 इंच, म्हणजे साधारण 67 मि.मी. दोन्ही लागणार असतील तर एकाच प्लेटवर दोन्ही वर्तुळांची भोकं 60 अंशांनी फिरवून मारता येतात, ती एकमेकांत येत नाहीत. पिना थ्रेडच्या करा, हव्या त्या वर्तुळावर बसवता येतील.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. चांगली मोठी 200 मि.मी.ची प्लेट कापून आणतो. कार्टची रिम 5 इंची, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास 127 मि.मी., आतला पोकळ भाग त्याहून कमी, आणि चाक बसतं ती जागा बऱ्याचदा रिमच्या आत खोल असते. मोठी प्लेट तिथपर्यंत पोचतच नाही. प्लेट 90 मि.मी.ची ठेवा. आणि शाफ्ट बेअरिंगच्या पुढे इतका बाहेर काढा की मागचा रुंद टायर बसल्यावर त्याची आतली बाजू बेअरिंगच्या घराला लागू नये. आधी चाक जमिनीवर आडवं ठेवून, रिमच्या बसण्याच्या जागेपासून टायरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. त्यात दोन बोटं मिळवा. शाफ्टची लांबी त्यावरून ठरेल.

शाफ्टसाठी नवीन काही घेऊ नका. वाकलेला मागचा अॅक्सल कुठल्याही कार्टिंगवाल्याकडे भंगारात पडलेला असतो. कार्ट कर्बवरून उडाली की अॅक्सल वाकतो, पण पूर्ण लांबीत वाकत नाही. सरळ तुकडा कापून घ्या. 50 मि.मी.चा असेल तर यूसीपी 210 बेअरिंग, 30 चा असेल तर 206, 25 चा असेल तर 205. दोन बेअरिंगमधलं अंतर 250 मि.मी. तरी असू द्या. जवळजवळ लावली तर पुढे बाहेर आलेलं चाक डुलतं. कापलेला तुकडा व्ही-ब्लॉकवर फिरवून डायलखाली बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

लेथ नाही म्हणता, त्याची अडचण फक्त एका जागी आहे. पैसे खर्च करायचे तर तिथेच करा. प्लेट शाफ्टला वेल्ड केली की ती ओढली जाणारच, कितीही टॅक मारून, थंड करून, उलटसुलट शिवण घातली तरी. म्हणून वेल्डिंग आधी करा आणि मग शाफ्टसकट प्लेट टर्नरकडे न्या. शाफ्ट बेअरिंगच्या जागांवर धरून डायलनं शून्यावर आणायला सांगा आणि त्याच एका सेटिंगमध्ये प्लेटला फेस मारून, म्हणजे तिचं तोंड सपाट करून, मधला खांदा टर्न करून घ्या. पिनांच्या भोकांचं मार्किंगही तिथेच करून घ्या. चक सोडून परत धरलं की संपलं. हे काम त्याला फार तर तासाभराचं आहे, फक्त समोर उभे राहा. घाईत टर्नर म्हणतो, "टायरच घासायचाय की, एवढं काय." त्याला सांगा, प्लेटच्या कडेला 0.05 मि.मी. डगमग असेल तर टायरच्या बाहेरच्या कडेला ती तिप्पट होते, कारण तिथली त्रिज्या 45 ची 140 झालेली असते.

आता मशीन खरंच झटपट आहे की नुसतं घाईचं, ते तपासायची माझी एक पद्धत आहे. चाक चढवा, टायरच्या मधोमध डायल टेकवा, हातानं फिरवा. जिथे काटा सर्वांत वर जातो तिथे टायरवर खडूनं खूण करा आणि प्लेटवर त्याच्या समोर मार्करनं खूण करा. मग चाक काढा, 120 अंश फिरवून परत बसवा, परत डायल. उंच जागा टायरवरच्या खुणेबरोबर फिरली, तर दोष चाकात आहे, म्हणजे रिम वाकलेली किंवा टायर वेडावाकडा झिजलेला. उंच जागा प्लेटच्या खुणेपाशीच राहिली, तर दोष तुमच्या प्लेटचा. आणि दर वेळी भलतीकडेच गेली, तर चाक दर वेळी वेगळं बसतंय. मग भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली धार आहे, रंगाचा थर आहे किंवा तार-ब्रशनं न निघालेली माती आहे. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण तो एखाद्या दिवशी नीट निघतो आणि तुम्हाला वाटतं झालं. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा हा प्रकार रिमवरच्या पावडर कोटिंगमुळे होतो. बसण्याची जागा खरवडून उघडी करा.

फ्रेमबद्दल फार बोलत नाही. 75 × 40 चा चॅनल, खाली चार पाय, रुंद बैठक, जमिनीला अँकर. हलकी फ्रेम थरथरते आणि ती थरथर टायरवर लाटांसारखी उमटते. एवढं पुरे.

मोटर तुम्ही आणलीच आहे, ती वाया जाणार नाही, पण थेट जोडू नका. मागचा 11 इंची टायर 280 मि.मी. व्यासाचा, त्याचा परीघ 880 मि.मी. 1440 आरपीएमला त्याची कडा सेकंदाला 21 मीटर, म्हणजे ताशी 75 किलोमीटरच्या वर धावते. कार्टवर हे काहीच नाही, पण इथे तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे आहात, आणि बॅलन्स न केलेलं चाक फ्रेमसकट नाचतं. 1:20 चा वर्म गिअरबॉक्स लावा, 72 आरपीएम मिळतात. पुष्कळ झाले. टायर रिमोल्ड करणाऱ्यांचं बफिंग मशीन कधी बघितलंत का? हवा भरलेला टायर संथ फिरतो आणि दातेरी रास्प वेगानं फिरतो. कापायचं काम हत्यार करतं, टायरनं फक्त नवीन जागा पुढे आणून द्यायची. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर रिमोल्डची दुकानं आहेत, एका दुपारी जाऊन उभे राहा. माझं अर्धं शिक्षण तिथे फुकट झालं.

ताकद किती लागते ते मोजा. हत्याराचा ओढ 5 किलो धरला, म्हणजे साधारण 50 न्यूटन, तर 140 मि.मी. त्रिज्येवर 7 न्यूटन-मीटर टॉर्क. 72 आरपीएमला ही 50-55 वॅट भरते. वर्म गिअरमध्ये बरंच वाया गेलं तरी अर्धा एचपी भरपूर आहे. मोटर तीन फेजची असेल तर सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा. 15 हर्ट्झवर चाक 20-22 आरपीएमला येतं. चिकटलेलं रबर हीटगन आणि पट्टीनं काढताना हाच वेग सोयीचा. एका हातात हीटगन, दुसऱ्या हातात पट्टी टेकून धरलेली, चाक स्वतः येतं. तुमचे दुखणारे हात बरे होणार ते इथे, बफिंगमध्ये नाही. फक्त इतक्या कमी वेगावर मोटरचा स्वतःचा पंखाही मंद होतो, म्हणून मधूनमधून हात लावून बघा, तापली तर थांबा.

टायर आणि हत्यार कोणत्या दिशेनं फिरवायचे यावर आमच्यात वाद होतात. टेकतात त्या जागी दोघांचे पृष्ठभाग उलट दिशेनं जाऊ द्या. ग्राइंडरचा वेग टायरच्या कैक पट असल्यामुळे तो टायरला आपल्याच दिशेनं ओढतो. दोघं एका दिशेनं जात असतील तर हत्यार टायरला पुढे ढकलतं, चेन किंवा गिअरमधला सगळा ढिलेपणा एकदम निघतो आणि टायर झटका मारतो. उलट दिशेला ढिलेपणा कायम एकाच बाजूला दाबलेला राहतो. झटका नाही, लाटा नाहीत.

हत्यार हातात धरायचं नाही. तुमचा अँगल ग्राइंडर 11,000 आरपीएमचा असेल तर 100 मि.मी.च्या डिस्कची कडा सेकंदाला 57 मीटर पळते. त्यानं रबर कापत नाही, भाजतं. स्पीड कंट्रोलचा ग्राइंडर घ्या आणि 3,000 च्या आसपास ठेवा, किंवा 36 ग्रिटचा बेल्ट लावा. तो अक्षाला समांतर सरकणाऱ्या स्लाइडवर बसवा. ड्रिल मशीनचा जुना क्रॉस-स्लाइड व्हाइस भंगारात मिळाला तर सोन्याहून पिवळं. खोलीसाठी एम-10 चा स्क्रू लावा, त्याची पिच 1.5 मि.मी. डोक्यावर गोल चकती, तिच्या कडेला 15 खुणा. एक खूण म्हणजे 0.1 मि.मी. महागडं डिजिटल काही लागत नाही.

बेल्टमध्ये रबर भरून तो गुळगुळीत होतो, मग नुसता तापतो. चालू बेल्टवर जुन्या रबरी स्लिपरचा तळ टेकवा, भरलेलं रबर निघून येतं. कोल्हापुरी चप्पल नको, ती चामड्याची. हे सांगायला लागतं, कारण माझ्याकडच्या एका पोरानं खरंच स्वतःची पायातली काढली होती.

टायरमध्ये हवा किती? पुष्कळ लोक कडक व्हावा म्हणून 25-30 पीएसआय भरतात. मग टायर मधे फुगतो, मधलंच रबर जास्त जातं आणि हवा कमी केली की मधे खळगा. मी टायर ट्रॅकवर गरम झाल्यावर ज्या दाबाला येतो त्याच्या जवळ, 12-14 पीएसआयवर घासतो. थोडा दबतो, चालतं. दर वेळी तोच दाब ठेवा, ते जास्त महत्त्वाचं.

एका पासमध्ये 0.1, फार तर 0.2 मि.मी. मागच्या टायरची रुंदी 180 मि.मी.च्या आसपास. चाक 72 वर फिरत असेल तर एक पास 20-25 सेकंदांत संपवा, म्हणजे एका फेऱ्यात स्लाइड 6 ते 7.5 मि.मी. सरकते. आधी जिथे चिकटलेलं रबर उंच आहे तिथेच हत्यार लागेल, खडखड आवाज येईल. तो आवाज सलग झाला की टायर गोल झाला. तिथे थांबा. चांगल्या बफिंगचा चुरा चहाच्या पुडीसारखा कोरडा पडतो आणि टायर काळ्या मखमलीसारखा दिसतो. चुरा दोरीसारखा लांब, चिकट यायला लागला, पृष्ठभागावर डांबरासारखी चमक आली, वास यायला लागला, तर तुम्ही रबर भाजताय. खोली कमी करा, टायरला विश्रांती द्या.

स्लिकच्या पृष्ठभागावर झीज बघायला बारीक भोकं असतात, ती आधी मोजून ठेवा. कार्टच्या टायरवर रबर मुळातच थोडं असतं, शौकापायी घासत बसलात तर दोनदा बफिंग केल्यावर कापड दिसेल. कापड दिसलेला टायर टाकून द्या, त्याला मशीनवरही चढवू नका. खोलीचा हिशेब परिघात करायला शिका: पाव मिलिमीटर खोल घासलं की परीघ दीड मिलिमीटरनं कमी होतो. मागच्या दोन टायरचे परीघ टेपनं मोजून जोडी लावायची असेल तर हा हिशेब रोज लागतो. मी जोडीतला फरक 3 मि.मी.च्या आत ठेवतो. मागचा अॅक्सल एकसंध आहे, एक टायर मोठा झाला की सरळ रस्त्यावरही कार्ट एका बाजूला ओढते. अमेरिकेत मातीच्या ओव्हल ट्रॅकवर धावणारे लोक हाच फरक मुद्दाम ठेवतात, कारण त्यांना एकाच बाजूला वळायचं असतं. तिथे टायर कापणं, घासणं हा खेळाचाच भाग आहे. आपल्याकडच्या डांबरी ट्रॅकवर तसं नाही.

आणि शर्यतीचे टायर या मशीनवर चढवायच्या आधी तुमच्या स्पर्धेचे नियम वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत टायर गरम करणं, रिमोल्ड करणं, त्यावर रसायन लावणं या सगळ्यावर बंदी आहे. सरावाच्या टायरला कुणी विचारत नाही. पण सरावाच्या टायरकडूनही फार आशा ठेवू नका. बफिंगनं वरची कडक, चकचकीत साल निघते, रबराचा कडकपणा दाखवणारा शोअर-ए चा काटा थोडा खाली येतो, पोरगा पहिल्या चार फेऱ्यांत खूश होतो. पण तापून-निवून आतून कडक झालेलं रबर परत मऊ होत नाही. झिजलेला, पण अजून जिवंत टायर गोल आणि स्वच्छ करायला हे मशीन आहे. मेलेल्या टायरला नाही.

आता सुरक्षेचं, आणि इथे मी थोडा कडक बोलणार आहे. साधं टंबलर बटण लावू नका. लाइट जाते, तुम्ही बटण तसंच ठेवून चाक बदलायला हात घालता आणि लाइट परत येते. आपल्याकडे हे कधीतरी होणारच. डीओएल स्टार्टर लावा, लाइट गेली की तो पडतो आणि हातानं दाबल्याशिवाय उठत नाही. व्हीएफडी असेल तर त्यातलं ऑटो-रीस्टार्ट बंद आहे का बघा. बंद करायचं लाल बटण पायाशी हवं, हातापाशी नको, कारण गरजेच्या वेळी हात अडकलेले असतात. हातमोजे घालू नका. 72 आरपीएम हळू वाटतात, पण वर्म गिअरला हाताची ताकद थांबवू शकत नाही. हातमोजा पिनेत अडकला तर हात जातो. तोंडाला एन-95 मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा.

चुऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. रबराचा बारीक गरम चुरा ढिगात आतल्या आत धुमसतो. ग्राइंडर रिमच्या स्क्रूला लागला की ठिणगी पडते, ती त्या ढिगात जाते आणि तासाभरानं, तुम्ही जेवायला गेल्यावर, धूर येतो. माझ्याकडे एकदा असं झालं, सुदैवानं शेजारचा गाळा उघडा होता. काम संपलं की चुरा झाडून पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात टाका, कचऱ्याच्या पिशवीत नाही. टायर मऊ करायचं औषध लावलेला कुणाचा टायर आला तर तो बफिंगला घेऊच नका.

पहिल्या दिवशी टाकाऊ टायर घ्या, जो फेकायचाच आहे. तो घासा, उतरवा, 120 अंश फिरवून परत चढवा आणि हात स्लाइडवर टेकून पांढरा खडू टायरला अलगद लागेल असा धरा. रेघ तुटक आली तर परत प्लेटपाशी या, रंग खरवडा, पिना बघा. पूर्ण गोल, सारख्या जाडीची रेघ आली, तर तेच चाक कार्टवर लावून परत खडू धरा. तिथेही रेघ पूर्ण आली की मग मुलाचा सेट काढा.